मोरीत ओतलेली सिंगल माल्ट

माझ्या नाकावर माझं घर चालतं. अंबरनाथला, मोरिवलीला लागून, स्वाद आणि सुगंध बनवणारा एक कारखाना आहे. तिथे मी बावीस वर्षं वास घेते आहे. सरबतातला आंबा, साबणातला मोगरा, बिस्किटातलं लोणी हे सगळं आमच्याकडे ड्रममध्ये भरलं जातं आणि भरण्याआधी माझ्या नाकाखालून जातं. बॅच बिघडली असेल तर मशीनच्या आधी मला कळतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगते.

आणि मला धुराची, शेरीच्या पिंपात मुरलेली स्कॉच आवडते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण बाईने असं काही सांगितलं की ऐकणारा लगेच कारण शोधायला लागतो. लग्न केलं नाही म्हणून असेल. काहीतरी दुःख पचवत असेल. ऑफिसातल्या पुरुषांची संगत असेल. मला काही दुःख नव्हतं. मला वास आवडला.

झालं असं की एका गिऱ्हाइकाला चिप्ससाठी धुराचा स्वाद हवा होता. आमच्या साहेबांनी परदेशातून एक बाटली आणली आणि शनिवारी काम संपल्यावर कागदाच्या पट्ट्या तिच्यात बुडवून आम्हा सहा जणांना दिल्या. काय काय वास येतात ते लिहा, म्हणाले. मी लिहिलं: मातीसकट जळलेली मुळं, दवाखान्यातलं आयोडीन, निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. मग जरा थांबले. पट्टी वाळत आली तशी मागून काळी मनुका आली, खजूर आला, लवंग आली. साहेबांनी माझा कागद सगळ्यांना वाचून दाखवला. त्यानंतर चारही पुरुषांच्या हातात छोटे ग्लास आले आणि आम्हा दोघी बायकांसमोर लिचीचं सरबत. नाक चालत होतं माझं, जीभ चालत नव्हती. मी ग्लास मागितला. सगळे हसले. मी हसले नाही, तेव्हा मिळाला.

पहिल्या घोटाला काही कळलं नाही, घसा जळला एवढंच. दुसरा जिभेवर धरून ठेवला आणि मग ती गोष्ट उलगडत गेली. तिकडे दलदलीत हजारो वर्षं कुजलेल्या गवताची माती असते, तिला पीट म्हणतात. ती कापून, वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर भिजवलेले जव वाळवतात. तो धूर दाण्यात शिरतो तो कायमचा. नंतर दारू ज्या पिंपात मुरते त्यात आधी शेरी नावाची स्पेनची गोड वाइन भरलेली असते, म्हणून धुराच्या पोटात मनुका. एक रांगडी आणि एक लाडावलेली, अशा दोन चवी एका घोटात भांडतात आणि दोघींपैकी कुणीच हरत नाही. मला हे भांडण फार आवडलं.

मग मी माझ्या नावाने मद्याचा परवाना काढला आणि उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये गेले. माझं लहानपण तिथेच गेलं, त्यामुळे गल्ल्या पाठ. दुकानातले सिंधी चाचा म्हणाले, "बोलो अदी, साहब के लिए क्या दूँ?" अदी म्हणजे त्यांच्यात ताई.

"साहब नहीं है. मेरे लिए."

"गिफ्ट पॅकिंग करूँ?"

"पीने के लिए, चाचा."

त्यांनी परवाना दोनदा वाचला. मग आतल्या फळीवरची धुळकट बाटली काढली. "ये धुएँवाली है. लोग बोलते हैं दवाई जैसी लगती है. फिर मत बोलना." मी म्हटलं, दवाईसारखी लागते म्हणूनच हवी. तेव्हापासून ते माझ्यासाठी वर्षाला एक-दोन बाटल्या बाजूला काढतात आणि माझ्याकडून त्यांची माहिती घेऊन इतर गिऱ्हाइकांना ऐकवतात.

मी पिते तेही सांगते. शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बारीक तोंडाच्या ग्लासात, औषधाच्या मापाने तीस मिली. ओतल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही. नाक ग्लासात खुपसायचं नाही, लांबून घ्यायचं, तोंड किंचित उघडं ठेवून. अर्धी कोरी प्यायची. उरलेल्या अर्ध्यात ड्रॉपरने पाण्याचे सहा थेंब. थेंब पडले की धूर मागे सरकतो आणि मनुका पुढे येते. बर्फ घातला तर दोघेही मुके होतात. एक ग्लास झाला की बूच. बाटली सहा महिने पुरते.

आणि मग ती बाटली तांदळाच्या डब्यामागे लपवायची. बावीस वर्षं नोकरी, स्वतःच्या पैशाने घेतलेला बदलापूरचा फ्लॅट, आणि मी शाळेतल्या पोरीसारखी तांदळाच्या डब्यामागे हात घालते आहे. याची मला शरम वाटायची. पिण्याची नाही, लपवण्याची.

लपवायचे ते आईपासून. आई शहात्तर वर्षांची, माझ्याकडेच असते. जवळच मांजर्लीतल्या आमच्या बुद्धविहारात दर रविवारी वंदना तीच घेते. ती एकेक शील म्हणते, मागून आम्ही सगळे म्हणतो: हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. मी पाचही म्हणायचे. पाचवं जरा घाईत. आईसाठी मात्र पाचवं सगळ्यात मोठं. तरुणपणी कॅम्पातल्या वस्तीत हातभट्टी लागायची, पगाराच्या दिवशी घराघरांत मारहाण व्हायची. एके दिवशी बायकांनी वरवंटे घेतले आणि भट्टीवाल्याची सगळी मडकी फोडली. पुढे होती माझी आई, पोटात मी. हे तिने मला इतक्या वेळा सांगितलंय की त्या मडक्यांचा आवाज मी ऐकलाय असं मला वाटतं.

तर या वर्षीचा एक शनिवार. शनिवारी आई विहारात महिलांचा वर्ग घ्यायला जाते, माझा ग्लास त्याच वेळेतला. त्या दिवशी वर्ग रद्द झाला होता, हे मला माहीत नव्हतं. कामावरून चारला परतले तर आमच्या बिल्डिंगखाली ही गर्दी. पुराच्या भीतीने तळाला नुसतं पार्किंग आहे, तिथे सगळे मजले रिकामे होऊन उभे. कुणाच्या नाकाला ओला रुमाल, कुणाच्या कडेवर पोर. ठिणगी नको म्हणून पाण्याचा पंप बंद केलेला. तिसऱ्या मजल्यावरची वहिनी धावत आली. "ताई, आल्यात ते बरं झालं! गॅस सुटलाय. सगळ्या बाथरूममधनं येतोय."

आमच्याकडे असं होतं. रात्री-अपरात्री कुठला तरी टँकर नाल्यात काहीतरी सोडून जातो आणि आम्ही खिडक्या लावून बसतो. त्यामुळे वास आला की आधी कारखाना आठवतो, मग मी. बिल्डिंगमधली केमिकलवाली मीच.

चेअरमनसाहेब मोबाईलवर तक्रार लिहीत होते. "मॅडम, फिनॉल आहे ना? तुम्ही फक्त नाव सांगा आणि सही करा. आज त्या लोकांना सोडायचं नाही."

मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन श्वास घेतला. फिनॉल होतं, क्रेसॉल होतं, पीटच्या धुरात असतात तीच. जळलेली मुळं. आणि सगळ्यात शेवटी, बारीक पण स्पष्ट, काळी मनुका.

वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर आमच्या गॅलरीत आई उभी होती, एकटी, खाली न उतरता. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. बोलू नकोस.

सगळं कळलं. तांदूळ काढताना तिला बाटली सापडली असणार. तिने ती मोरीत ओतली आणि वास जावा म्हणून वरून कढत पाणी सोडलं. घरातली कुठलीही बाई हेच करते. पण पीटच्या धुराला कढत पाणी घातलं की तो जात नाही, उठतो. जवळजवळ भरलेली बाटली पाइपात गेली आणि वाफ होऊन डक्टमधून चारही मजल्यांच्या बाथरूममध्ये निघाली.

गप्प राहणं सोपं होतं. सही केली असती, रात्रीपर्यंत वास गेला असता, आईचं विहारातलं स्थान जिथल्या तिथे राहिलं असतं. आणि मी जन्मभर डब्यामागे हात घालत राहिले असते, शिवाय न केलेल्या गुन्ह्याची तक्रार माझ्या सहीने कुणावर तरी गेली असती. मला एकदम संताप आला. आईचा नाही, माझाच.

"गॅस नाहीये," मी मोठ्याने म्हटलं. "माझ्या दारूचा वास आहे. मोरीत सांडली. पंप चालू करा आणि घरी जा."

व्हिस्की म्हणता आलं असतं. मुद्दामच दारू म्हटलं.

 मग चेअरमनसाहेब जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "अहो मॅडम, हळू. आणि तुमच्यात तर हे... म्हणजे तुमच्या आई एवढं ते विहाराचं वगैरे करतात..."

तो 'तुमच्यात' माझ्या डोक्यात गेला. "साहेब, तुमच्या हॉलमध्ये काचेचं कपाट आहे, आतून लाइट लावलेलं. सोसायटीच्या मीटिंगला आम्ही सगळे त्याच्यासमोर बसतो. त्यात काय आहे?"

"ते पाहुण्यांसाठी असतं."

"माझी माझ्यासाठी असते. तुम्ही घेतली की शौक आणि आमच्यात कुणी घेतली की व्यसन, हे माझ्यासमोर चालणार नाही."

त्यांनी मोबाईल खिशात टाकला. पंप सुरू झाला. वहिनी तेवढी हसत वर गेली.

घरात आई खुर्चीत बसली होती. रिकामी बाटली तिने धुऊन ओट्यावर उपडी घातली होती, तेलाची घालते तशी.

"चारचौघांत सांगायची काय गरज होती?" ती म्हणाली. "आपल्या माणसांकडे बोट दाखवायला लोक टपलेलेच असतात. आम्ही मडकी फोडली ती उगाच? आमच्या पोरी शिकतील, ताठ चालतील, कुणी त्यांना बेवड्यांच्या पोरी म्हणणार नाही, म्हणून फोडली."

"शिकले. ताठच चालते. आज तर जास्तच."

"त्या वासाने किती घरं बुडाली माहितीये तुला?"

"माहितीये, आई. तू मडकी फोडलीस म्हणून माझं घर बुडालं नाही. पण माझ्या हातात मडकं नाही. तीस मिलीला थांबणारी बाई आहे मी. माझ्यावर तुझा तेवढाही विश्वास नाही?"

ती उठून रात्रीचे तांदूळ धुवायला लागली. जेवताना तिने मला रोजच्यासारखं वाढलं. मला वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, पण माफी मागावीशी वाटत नव्हती.

सकाळी ती विहाराला निघाली तेव्हा मीही चप्पल घातली.  विहारात बातमी आमच्या आधी पोचली होती. कमिटीच्या एक बाई आईला म्हणाल्या, "आज वंदना दुसऱ्या कुणी घेतली तर?"

"मी कुठे प्यायलेय?" आई म्हणाली आणि पुढे जाऊन बसली.

ती शीलं म्हणू लागली. मी मागून म्हणत होते, घाई न करता. चौथं, खोटं न बोलण्याचं, मी इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या बाईने वळून पाहिलं. आईने पाचवं म्हटलं. सगळ्या विहाराने म्हटलं. मी तोंड बंद ठेवलं. पन्नास-साठ आवाजांतून माझा एक गळला, ते आईला कळलं. तिने वर पाहिलं. मी खाली पाहिलं नाही. ती पुढची गाथा म्हणू लागली.

परत येताना तिने माझा दंड धरला, रस्ता खराब आहे म्हणून.

"इतकी वर्षं पाच म्हणायचीस, त्यातलं चौथं खोटं असायचं," ती म्हणाली. "आज चारच म्हणालीस, पण चारही खरी." थोडं चालून पुन्हा म्हणाली, "पाचव्यासाठी मी मरेपर्यंत भांडेन तुझ्याशी. बाटली दिसली की ओतेन."

"भांड," मी म्हटलं. "मी ती आता ओट्यावरच ठेवणार आहे."