उंदरांपाशी बसणारे मामा

आमच्या प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळायला उचगावहून सायकलवर एक मामा येत. पिंजरे धुताना उंदरांशी मोठ्यानं बोलत. भास घडवणाऱ्या अळंबीतल्या औषधानं भीती जाते का, हे मी उंदरांवर तपासत होतो; निकाल उत्तम येत होते. एका दुपारी मामा औषध दिलेला उंदीर ओंजळीत धरून बसलेले दिसले.

"रोज असं बसता?" मी विचारलं.

"व्हय की. लई थरथरतंय वो. एकटं कसं सोडायचं?"

औषध न दिलेल्या उंदरांना त्यांनी कधी असं धरलं नव्हतं. भीती औषधानं गेली की मामांच्या हातानं, हे सांगणंच अशक्य झालं. तरी मी शोधनिबंध तसाच छापायला पाठवला.

मामा अजून भेटले की विचारतात, "सर, औषध लागू पडलं न्हवं?"

मी खाली बघून हो म्हणतो.