कान हाये का तुले?

"कान हाये का तुले?" नवा माणूस दारात उभा राहिला की चाचा आधी हेच विचारायचे. माणूस गोंधळून कानाला हात लावी. मग चाचा शांतपणे म्हणत, "तो त गाढवालेही हाये."

मीही कानाला हात लावला होता.

शेगावातल्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, चाचा बॉयलर सांभाळत. इंग्रजी तिसरीत नापास होऊन, रत्नागिरीकडचं घर सोडून मी तिथे पोचलो आणि "मला काम हवंय" म्हणालो, तर गाडीवानांपासून हमालांपर्यंत सगळे हसले. तो 'मला' पुढे महिनाभर जिनात फिरत होता. चाचा तेवढे म्हणाले, "मला म्हणो का मले म्हणो, बॉयलरले काय त्याचं? ये बे आत."

चाचांकडे हातभर लांब बाभळीची काठी होती. एक टोक वाफेच्या नळावर, दुसरं कानाशी. डोळे मिटून ऐकत आणि सांगत, "दोन फावडी कमी टाक." वाफेचा दाब दाखवणारी तबकडी भिंतीवर होती, पण तिचा काटा दोन हंगामांपासून साठावर अडकलेला. बॉयलर थंड पडला तरी साठ. मालक म्हणत, "चाचा आहेत ना, नवा काटा कशाला?"

एकदा एक वकीलसाहेब आम्हाला उपदेश करायला आले. हुन्नराला मरण नाही, तरुणांनी कारकुनीचा नाद सोडावा, असं तासभर बोलले. तुम्हीही अशी भाषणं ऐकली असतील, मऊ हातांची. चाचांनी अदबीने विचारलं, "साहेब, तुमचे चिरंजीव कवा धाडता? कान असतीनच त्यायले." चिरंजीव नागपुरात कायदा शिकत होते. वकीलसाहेब चहा न घेता गेले.

मग सरकारी हुकूम आला. परीक्षेचा दाखला असल्याशिवाय बॉयलरजवळ कोणी उभं राहायचं नाही. मालकाने चाचांना आणि मला अकोल्याला पाठवलं. दोघांपैकी एकाला तरी दाखला मिळावा, नाहीतर जिन बंद.

आधी चाचा आत गेले. मी दाराशी उभा होतो. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने इंग्रजीत विचारलं, कारकुनाने मराठीत सांगितलं, "वाफ वाढली हे कशावरून कळतं?"

"कानानं," चाचा म्हणाले.

कारकुनाने त्याचं काय भाषांतर केलं देव जाणे. साहेब खूप हसला. चाचा बाहेर आले आणि जवळून जाता जाता पुटपुटले, "तिथं कान म्हनू नको बे. काटा म्हन."

मलाही तोच प्रश्न आला. "काटा पाहून, साहेब," मी म्हणालो. साहेबाने मान डोलावली. मला दाखला मिळाला.

मालकाने तो चौकटीत घालून तबकडीशेजारी टांगला. मी बॉयलरवाला झालो, चाचा तेल घालणारे. पहिल्या सकाळी मी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी काठी खिळ्याला अडकवली. "आज दाखल्याले ऐकू दे."

अर्धा तास मी साठाकडे बघत घाम पुसला. नळ थरथरायला लागला तसे तेच उठले, भट्टीतला विस्तव मागे ओढला आणि काठी माझ्या कानाशी धरली.

"काही ऐकू येऊन राह्यलं का?"

"हो, चाचा."

"खोटं बोलून राह्यला. पण येईन."

होळीनंतर हंगाम संपून जिन बंद झाला. दिवाळीला वरवट बकालकडून कापसाच्या गाड्या पुन्हा यायला लागल्या, पण चाचा आले नाहीत. डोणगावात भावाच्या पिठाच्या चक्कीवर बसले, असं एका गाडीवानाने सांगितलं. चक्कीला दाखला लागत नाही.

चाचा नाहीत म्हटल्यावर मालकाने आठ दिवसांत नवा काटा आणला.

काठी खिळ्यालाच होती. मी ती रोज वापरतो. तिचं एक टोक चाचांच्या कानाने घासून गुळगुळीत झालंय. माझ्या कानाला ते अजून नीट बसत नाही.