कित्याकबाबांचं दुकान

आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं की ज्याचा चेहरा खुलतो, असा दुकानदार मी उभ्या जन्मात एकच पाहिला. गोव्यात, डिचोलीच्या बाजारात, फुलवाल्यांच्या पाठच्या गल्लीत त्यांचं लोकरीचं दुकान होतं. आत शिरलेल्या प्रत्येकीला ते एकच प्रश्न विचारायचे, "कित्याक जाय?" कशाला हवी? लोकर मागणारीने आधी कारण सांगायचं, ते त्यांनी नाक वर करून ऐकायचं आणि पटलं नाही तर सरळ "ना" म्हणून मोकळं व्हायचं. मागे छतापर्यंत लोकर रचलेली, आणि हा माणूस तिच्याकडे पाठ करून "ना" म्हणायचा. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. आम्हा बायकांसाठी ते कित्याकबाब, म्हणजे 'कशाला'राव.

मी लग्न होऊन लाटंबार्शाला आले आणि नवऱ्यासाठी स्वेटर विणायची हौस मला आली. नव्या नवरीला असली खुळं सुचतातच. नवी साडी नेसून, बस पकडून मी त्यांच्या दुकानात गेले.

"कित्याक जाय?"

"घोवाक स्वेटर."

"घोव खंय आसता?"

"लाटंबार्शां."

"लाटंबार्शां बर्फ केन्ना पडलें?"

दुकानातल्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझा नवरा तेव्हा दिवसभर काजूच्या बागेत घाम पुसत असायचा, ही गोष्ट खरी. पण ती मला एका परक्या माणसाने चारचौघींत सांगायची काय गरज होती? मी तणतणत घरी आले ती देव्हाऱ्याच्या पडद्यासाठी क्रोशाचा पांढरा दोरा घेऊन. तो मी मागितलाच नव्हता. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला होता आणि मी मुकाट्याने घेतला होता. या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही, असं मी सासूबाईंना ठणकावून सांगितलं. पडदा अर्धा झाला आणि मी पुन्हा त्या पायरीवर उभी होते.

जाणार कुठे? म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात लोकर ढिगाने मिळते आणि विकणारा कसलाही प्रश्न विचारत नाही. त्या लोकरीचं एका धुण्यात बोंदरं होतं, नुसती चिंधी. कित्याकबाबांकडची लोकर धुवून धुवून माणूस थकेल. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, पण त्यांच्या एका लडीला कधी ठिपका पडला नाही. प्रत्येक खणात सुकलेला कडुलिंब, प्रत्येक लड वेगळ्या पिशवीत. आत गेलं की त्या पाल्याचा कडवट वास यायचा आणि मला घरचं सगळं विसरायला व्हायचं. पिस्त्याचा हिरवा, चिंचेच्या गराचा, ओल्या काजूचा, उन्हातल्या भाताचा असे रंग एकाखाली एक लागलेले असत. मी तिथे तासन्‌तास उभी राहत असे आणि त्यांनी मला कधी बस म्हटलं नाही. खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर ते स्वतः बसत.

सगळ्यात वरच्या फळीवर भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, रंगाची लोकर होती. पिकलेल्या भिरंडाची साल उन्हात धरली की दिसतो तो लाल. शुद्ध लोकर, जाड आणि ऊबदार. थंड मुलखात जायची ती व्यापाऱ्याच्या चुकीने गोव्यात उतरली होती. ती बाबांनी कुणालाच विकली नाही. दर चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, बाजाराला मी ती मागायची. शालीसाठी मागितली, नणंदेच्या मुलासाठी मागितली, एकदा तर माझ्यासाठीच हवी असंही म्हटलं. दर वेळी "ना". "तिका साजता असलें कारण गोंयांत ना," असं ते म्हणायचे. जणू लोकर म्हणजे त्यांची लग्नाची मुलगी आणि आम्ही सगळी नाकारलेली स्थळं.

रंग पसंत करायची त्यांची रीत वेगळीच होती. लड हातात द्यायचे आणि दाराकडे बोट दाखवायचे. "ट्युबीखाला सगळेच रंग बरे दिसतात. भायर वच." मग भर बाजारात, मासळीच्या टोपल्या आणि स्कूटर चुकवत, बाई उन्हात लड मनगटावर धरून उभी आणि हे पायरीवरून नापसंतीने मान हलवताहेत, हा देखावा डिचोलीने अनेक वर्षं पाहिला. बाळाच्या कुंचीसाठी लोकर हवी असेल, तर मात्र ते आधी तिचा धागा स्वतःच्या गळ्यावर घासून बघायचे. "तोपता," टोचते, असं म्हणाले की ती लड परत खणात जायची. मग पोराचा बाप कितीही मोठा का असेना.

आणि तो तांबडा धागा! त्या धाग्याने आम्हाला सळो की पळो करून सोडलं. कित्याकबाब कुणालाही सगळी लोकर एका वेळी देत नसत. अर्धी द्यायची; तेवढं विणून आणून दाखवायचं; मग उरलेली. विणलेलं काम ते दारातल्या उजेडात पसरायचे, डोळे बारीक करून ओळीओळीने बघायचे, आणि चूक सापडली की नेमकं तिथे तांबड्या धाग्याची गाठ मारायचे. "हांगा मेरेन उसय." इथपर्यंत उसव. उसवून, पुन्हा विणून, तो धागा परत आणून दिल्याशिवाय उरलेली लोकर हाती लागायची नाही. एका बड्या साहेबांच्या बायकोच्या स्वेटरला त्यांनी अशी गाठ मारली, तेव्हा ती बाई संतापून म्हणाली, "एवढीशी चूक कोण बघणार आहे?" कित्याकबाब शांतपणे म्हणाले, "हांवें पळयली न्हय?" मी पाहिली ना? "चूक तुमची, धागो म्हजो. उसयलें काय म्हजो धागो हाडून दियात." पुढच्या आठवड्यात ती बाई धागा घेऊन आली. मी तिथेच होते आणि मला मनापासून बरं वाटलं.

गंमत अशी की या माणसाला स्वतःला एक टाकाही विणता येत नव्हता. त्यांची आई विणकाम शिकवायची आणि हे लहानपणी तिच्यापुढे बसून लडींचे गुंडे करायचे, एवढीच काय ती त्यांची विद्या. एकदा मी चिडून सुया त्यांच्या हातात कोंबल्या आणि म्हटलं, "घ्या, करून दाखवा." त्यांनी सुया पुसून परत खणात ठेवल्या. "हांव विणूंक लागलों जाल्यार तुमकां हांसतलो कोण?" मी विणायला लागलो तर तुम्हाला हसणार कोण, म्हणे.

आता हरमलचं सांगते. माझ्या भाचीने मला स्कूटरवर घालून तिथल्या किनाऱ्यावरच्या एका नव्या दुकानात नेलं. "मावशी, तुला वेड लागेल," असं ती म्हणाली होती. वेड लागायचं बाकी होतं. लोकर काचेच्या बरण्यांत भरलेली, जणू लोणचंच. प्रत्येक बरणीवर रंगाचं नाव नाही, मनाच्या अवस्थेचं नाव. मी "शांतता" हातात घेतली तर ती अर्धी प्लास्टिक होती. गाद्यांवर बसून चार माणसं डोळे मिटून विणत होती. डोळे उघडून विणलं असतं तर निदान काय होतंय ते तरी दिसलं असतं. मालकीण बाई दिल्लीकडची, लाघवी. तिने मला कॉफी दिली, खुर्ची दिली, पण मला काय हवंय आणि कशाला, हे तिने एकदाही विचारलं नाही. माझं तोंड मात्र कधी गप्प बसत नाही. डिचोलीला याच्या दसपट माल आहे, असं मी बोलून गेले.

महिन्याभरात ती बाई डिचोलीला हजर. नेमकी मी दुकानातच होते. तोवर कित्याकबाबांचं दुकान बंद व्हायचं ठरलं होतं. जुनी इमारत पाडून तिथे नवी उभी राहणार होती, बाबांचे गुडघे गेले होते, बायको कधीच वारली होती, आणि बेळगावला दिलेली लेक त्यांना आपल्याकडे न्यायला बसली होती. एवढ्या लोकरीचं पुढे काय, ही त्यांना एकच काळजी होती. तेवढ्यात ही बाई आली, तिने मान वर करून सगळ्या फळ्या पाहिल्या आणि म्हणाली की सगळंच घेते, वरच्या त्या लालसकट. मागाल तो भाव.

"कित्याक जाय?"

मी हिंदीत सांगितलं. ती म्हणाली, विकायला थोडी, बाकीची भिंतींवर लावायला. छान वाटतं. मी तेही बाबांना सांगितलं.

"वणटीक थंडी लागता?"

भिंतीला थंडी वाजते का, असं ते विचारताहेत, हे मी त्या बाईला हिंदीत समजावलं, आणि मोठ्या आनंदाने समजावलं. बाई हसली. कित्याकबाब हसले नाहीत. त्यांनी छतापर्यंतच्या फळ्यांकडे पाठ केली आणि म्हणाले, "लोकर ना." इतका मूर्ख, इतका हट्टी आणि इतका माझ्या मनातला माणूस मला दुसरा भेटला नाही.

मग शेवटचे दिवस. बातमी पसरली तशा बायका लोटल्या. आता तरी ते सगळ्यांना देतील अशी अपेक्षा होती, पण प्रश्न तोच. बायका कारणं रचून येऊ लागल्या. ज्यांना दिवस गेले नव्हते त्यांनाही सातवा महिना लागला. कुणाचा तारवावर गेलेला मुलगा अचानक बर्फाळ समुद्रात पोचला. बाबांना सगळं कळत होतं. चांगलं रचलेलं कारण ऐकून ते थोडी जास्तच लोकर द्यायचे, एवढाच त्यांच्यात फरक पडला होता. फळ्या रिकाम्या होत गेल्या. वरची भिरंडाची लोकर तेवढी राहिली.

बेळगावला जायच्या आदल्या सकाळी मी गेले. ते रिकाम्या दुकानात त्या एकुलत्या खुर्चीवर बसले होते, आणि मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझा आवाज चढतो.

"ती वरची द्या," मी म्हटलं.

"कित्याक जाय?"

"तुमकां. बेळगांवां थंडी पडटा."

जन्मभर लोकर विकली, पण गोव्यात राहून त्यांच्या अंगाला ती कधी लागली नव्हती. कुणी त्यांच्यासाठी विणलीच नव्हती. त्यांनी नेहमीसारखं नाक वर केलं. कारणात खोट शोधत असावेत.

"तुजो हात सैल," ते शेवटी म्हणाले. "एक नंबर बारीक सुई घे."

मग ते दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढले. मी चढते म्हटलं तर ऐकेनात. सगळी लोकर त्यांनी एकाच वेळी माझ्या पिशवीत घातली. अर्धी मागे ठेवायला आता दुकानच उरलं नव्हतं. मी टेप काढली तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले आणि शाळेतल्या पोरासारखे, छताकडे बघत, उभे राहिले.

स्वेटर मी बेळगावच्या बसच्या ड्रायव्हरकडे पाठवला. पंधरवड्यात तोच ड्रायव्हर तो परत घेऊन आला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. गळ्याच्या पट्टीला तांबडा धागा. म्हणजे स्वेटरचा गळा त्यांना आवळत होता. मी त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या, पट्टी उसवली, पुन्हा विणली आणि धाग्यासकट पाठवून दिला. या वेळी तो परत आला नाही. मी कितीतरी दिवस त्या बसची वाट पाहिली आणि ती रिकामी आली की खूश होत असे. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळायची नाही, हे मला ठाऊक होतं.

पुढची दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग गेल्या चवथीला त्यांची लेक डिचोलीला आली होती, ती मुद्दाम लाटंबार्शाला माझ्याकडे आली. बाबा गेले हे मला फोनवर कळलं होतं. तिने पिशवीतून स्वेटर काढून माझ्यापुढे ठेवला. कोपरं विरली होती. "एप्रिलातसुद्धा काढायचे नाहीत," ती म्हणाली. "लोक विचारायचे, आजोबा, एवढ्या उकाड्यात कशाला? तर त्यांच्यावरच डाफरायचे. हा तुमच्याकडेच राहू दे."

मी तो सवयीने दारातल्या उजेडात पसरला. पाठीवर, खाली, काठाच्या जरा वर एक टाका सुलट्याऐवजी उलटा पडला होता. तो माझ्या नजरेतून सुटला होता. आणि त्याच्यावर धाग्याची गाठ होती. तिथपर्यंत उसवायचं तर अख्खी पाठ गेली असती.

"तो धागा मी धुताना काढणार होते," लेक म्हणाली. "पण बाबांनी काढू दिला नाही. कसला हो तो?"

धागा तांबडा राहिलेला नव्हता. धुऊन धुऊन पार फिका गुलाबी झाला होता. म्हणजे चूक त्यांना पहिल्याच दिवसांत सापडली होती. त्यांनी गाठ मारली होती, आणि स्वेटर परत पाठवायचा सोडून अंगात घातला होता.

मला रडू आलं. त्यातही राग होताच. मला चूक दाखवल्याशिवाय हा माणूस मेलासुद्धा नाही. लेकीला मी काय सांगितलं ते आठवत नाही. स्वेटर कपाटात ठेवलाय, कडुलिंब घालून. टाका उसवलेला नाही, आणि धागा ज्याचा त्याला परत द्यायला आता दुकान नाही.