बोलोन्यातली कानटोपी

सकाळचे सव्वानऊ. अ‍ॅशबर्नमधल्या आमच्या बिल्डिंगच्या तळघरात लाँड्री आहे. तिथे मी कपडे मशीनमध्ये टाकत होते आणि ह्यांचा मेसेज आला : "इटलीची तिकिटं काढली. तिघांची. जानेवारी. कॅन्सल होत नाहीत."

तिथून जे सुरू झालं ते अजून सांगून संपत नाही. लहान मूल घेऊन घराबाहेर पडलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. लाँड्रीतल्या मोज्यांसारखं असतं ते, एक शोधायला जावं तर भलतेच चार हाताला लागतात!

मशीनपाशी तेव्हा पद्माकाकू होत्या. नागपूरला शाळेत शिकवायच्या, आता रिटायर होऊन आमच्या खालच्या मजल्यावर मुलाकडे राहतात. आणि वरच्या मजल्यावरची रचना होती, इथे अमेरिकेतच शिकलेली.

"इटलीत कुठे? रोम? व्हेनिस?" रचनाने विचारलं.

मी मेसेज परत वाचला. "बोलोन्या."

"तिथे काय आहे?"

मी ह्यांना विचारलं. लगेच उत्तर आलं, "स्वस्त तिकीट आहे!"

दोघी हसल्या. माझ्या डोक्यात मात्र ईशू होती. आमची ईशू दोन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. बोट दाखवायची, ओढून न्यायची, खिदळायची, पण शब्द नाही. डॉक्टरांनी एक फॉर्म दिला होता. त्यात शब्दांची यादी, मूल जे बोलतं त्यावर टिक करायची. इटलीहून आलं की अपॉइंटमेंट. फॉर्म सगळा कोरा.

रचना म्हणाली, "दोन भाषांनी मुलं कन्फ्यूज होतात गं. घरात फक्त इंग्लिश बोला." ह्यांना ते पटलं. ट्रिपवरून आलो की सोमवारपासून इंग्लिश, असं ठरलंसुद्धा.

माझी शाळा सातवीपर्यंत. आमच्या गावात शाळाच तेवढी होती. माझं इंग्लिश म्हणजे थँक्यू, सॉरी आणि कूपन. सोमवारपासून मी माझ्या लेकीला झोपवताना काय म्हणू, थँक्यू?

*

एअरपोर्टवर आमची बॅग बाजूला काढली. हे डेटा सेंटरमध्ये एसीची मोठी मशीनं सांभाळतात, घाबरत नाहीत कशाला. पण तिथे त्यांनाही घाम फुटला. ऑफिसरने आतून एक फडक्याची गाठ काढली आणि लांब धरली. "व्हॉट इज धिस?"

ती ओव्याची पुरचुंडी होती! ईशूला सर्दी झाली तर तव्यावर गरम करून छाती शेकायला.

मी म्हटलं, "बेबी. नोज. ओपन."

त्याने हुंगली. परत हुंगली. मग पलीकडच्या शिंकणाऱ्या ऑफिसरला हाक मारून त्याच्या नाकाला लावली. दोघांचं होईपर्यंत आमच्या मागे ही लाइन! पुरचुंडी परत देताना ऑफिसरच मला म्हणाला, "थँक्यू." माझा शब्द त्याने घेतला.

*

खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, म्हणूनच स्वस्त. स्ट्रोलर ह्यांच्या डोक्यावर, ईशू माझ्या कडेवर, असे आम्ही रोज चढायचो. खोलीचा हीटर ठरावीक तासच चालायचा. तो बंद झाला की मी ईशूवर एकेक कपडा चढवायची. बनियन, दोन टीशर्ट, स्वेटर, त्यावर ह्यांचा मोजा कोपरापर्यंत.

हे म्हणाले, "अगं, हात तरी वाकतात का तिचे?"

"वाकायचं काय काम आहे तिला?"

तेवढ्यात ईशू पडली. रडलीच नाही! इतक्या कपड्यांत तिला लागलंच नव्हतं. हसत पडून राहिली, उठता मात्र येईना. उठवतानाही मी कान देऊन होते, आता तरी 'आई' म्हणेल. म्हणाली नाही.

*

चौथ्या दिवशी घरून नेलेला तांदूळ संपला. हॉटेलात ह्यांनी फोनवरून भाषांतर करून मागितलं : फक्त पांढरा भात, चीज नको, सॉस नको. वेटरचा चेहरा एकदम पडला. आत गेला तो स्वयंपाक्यालाच घेऊन आला. चांगला आडदांड बाप्या तो, येऊन ईशूच्या कपाळाला हात लावून बघायला लागला!

मी घाबरून ह्यांना विचारलं, "काय दिसलं हो त्याला?"

फोनने सांगितलं, इथे साधा भात आजारी माणूसच मागतो. त्याला पोरीची काळजी वाटली.

मी डबी काढली आणि भातावर तूप-मेतकूट कालवलं. स्वयंपाक्याने बोटावर चिमूटभर घेऊन चाखलं, डोळे मिटले आणि समोरची खुर्ची ओढून बसला. ईशूने ताट संपवलं. तो टाळ्या वाजवत होता, "ब्रावा! ब्रावा!" ती त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, आता म्हणेल. तोही शब्द तिने गिळला.

ह्यांनी खिशातला फॉर्म काढला, बघितला, परत ठेवला. "सोमवारपासून," म्हणाले.

*

तिथल्या म्हाताऱ्या बायकांबद्दल मला कोणी सांगितलंच नव्हतं! गावभर कमानी, त्यांच्याखालून फुटपाथ, आणि प्रत्येक कमानीखाली एक म्हातारी. ईशू कानटोपी ओढून फेकायची की म्हातारी हजर. माझ्यासमोर उभी राहून हात नाचवत तीन-तीन मिनिटं झापायची. भाषा कळत नव्हती, पण सासूबाईंचा फोन आल्यासारखं सगळं समजत होतं.

मग मी दिवसभर एकच मंत्र धरला. "टोपी घाल, ईशू. टोपी घाल. ऐकतेस का, टोपी घाल!"

हे वैतागले. "दुसरं काही बोलतच नाहीस तू तिच्याशी."

मी म्हटलं, "बोलू द्या हो. दोनच दिवस राहिलेत माझे."

त्यांनी खाली पडलेली टोपी उचलून माझ्या हातात दिली.

*

निघायच्या दिवशी दुपारी सव्वातीनला आम्ही एअरपोर्टच्या बसची वाट बघत बाकावर बसलो होतो. शेजारी एक आजोबा. चांगला कोट, मफलर, पण डोकं उघडं. पूर्ण टक्कल! ईशू त्यांच्याकडे बराच वेळ बघत होती. मग बाकावरून उतरली. स्वतःची गुलाबी गोंड्याची कानटोपी ओढून काढली, त्यांच्या मांडीवर आपटली, माझ्यासारखीच कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली,

"तोपी घाल!"

आजोबांनी घातली.

ह्यांनी फॉर्म काढला. मांडीवर ठेवून घाईघाईत टिक केली, तिची रेघ पार खालपर्यंत गेली. एवढ्यात कुठून तरी एक म्हातारी आली आणि पोरीचं डोकं उघडं म्हणून मला झापायला लागली. मी रडत होते, त्यामुळे तिला वाटलं आपलं बोलणं लागलं, म्हणून तीही रडायला लागली. आजोबा गुलाबी गोंडा हलवत दोघींना समजावत होते.

तिकडे सव्वातीन म्हणजे अ‍ॅशबर्नला सव्वानऊ, लाँड्रीची वेळ. मी फोन लावला. मागे मशीन घरघरत होतं.

"पद्माकाकू, ईशू बोलली, मराठीत! रचना आहे का तिथे? नसली तर वर जाऊन दार वाजवा. आणि जी जी कपडे घेऊन खाली येईल, तिला तिला सांगा!"