वरच्या खोलीतले डॉक्टर आणि सूपभर शेंगदाणे

नुसत्या श्वासावरून माणूस ओळखणारा एकच प्राणी देवाने घडवला आणि तो शहापुरात आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला पाठवला, असं माझं ठाम मत आहे. हे डॉक्टर दम्यावर संशोधन करायला आले होते. चुलीच्या धुराने, आणि पेरणीआधी शेतात पालापाचोळा पसरून राब भाजतात त्या धुराने, बायकांच्या छातीचं काय होतं ते त्यांना शोधायचं होतं. जिना चढणाऱ्याची पावलं आपण ऐकतो, डॉक्टर त्याचा श्वास ऐकायचे आणि दार उघडायच्या आत म्हणायचे, "या तात्या, बिडी सुटलेली दिसत नाही." सापगावच्या कीर्तनात ते पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले, तेव्हा बुवांना वाटलं, काय हा भाविक! बुवा मुद्दाम प्रसाद घेऊन आले, तर हे म्हणाले, "तुमचा पखवाजवाला मघापासून खोकला दाबतोय. उद्या पाठवा त्याला." म्हशाच्या जत्रेत लोक बैलांचे दात बघत होते आणि हे बैल विकणाऱ्यांच्या छातीला कान लावत फिरत होते.

वाहन म्हणून त्यांना काहीही चालवता येत नव्हतं. त्यामुळे शाळेत शिकवून सुटलो की मी, माझी स्कूटर आणि मागे डॉक्टर, अशी वरात पार मुरबाडपर्यंत जायची. त्यांच्याकडे फुंकायची एक नळी होती. तिच्यात फुंकलं की काटा वर सरकतो. जितका वर, तितकी श्वासाची वाट मोकळी. काटा मी वाचायचो. डॉक्टर समोर डोळे मिटून श्वास ऐकत बसायचे. गावोगाव काटा खालीच राहिला. माझ्या वहिनीचाही. तिने मला आईच्या मायेने वाढवलं, आणि अलीकडे ती बोलता बोलता मध्येच थांबायची. मला धास्ती वाटायची, पण ती उडवून लावायची. "सगल्यांचाच तसा येतो ना? मंग माझाच काय मोठा? वय झाला आता."

एका सकाळी डॉक्टर चहाला खाली आले. गॅस असला तरी आमची भाकरी चुलीवरचीच. वहिनी फुंकणीने जाळ करत होती, गाल न फुगवता, हळू आणि लांबलचक. डॉक्टर दारातच थबकले. "वहिनी, माझ्या नळीतही तुम्ही अशीच फुंक मारता?"

"मंग कशी मारू? जोरात मारली त राख डोल्यात नाय येणार?"

डॉक्टर मटकन खाली बसले. नळीत खरं तर एकदम जोराने फुंकायचं असतं. गावोगावच्या बायका इतके दिवस त्यांच्या नळीत चूल पेटवत होत्या, आणि डोळे मिटल्यामुळे यांना ते दिसलंच नव्हतं! दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. हे म्हणाले, "सगळं रद्द. पुन्हा पहिल्यापासून." मी म्हटलं, "अहो, थोडं इकडेतिकडे व्हायचंच." तर म्हणाले, "श्वासात इकडेतिकडे नसतं, सर." त्या दिवसापासून मला या माणसापुढे बसायचाच संकोच वाटू लागला.

आता शिकवायचं कसं? "दिवा विझवल्यासारखं फुंका," असं सांगून पाहिलं. वहिनी केवढ्यांदा ओरडली, "बया गो! फुंकून दिवा इझवतात काय?" शेवटी उपाय सापडला. भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं फुंकून उडवतात तशी फुंक! मग डॉक्टर काखेत सूप आणि पिशवीत शेंगदाणे घेऊन स्कूटरवर बसू लागले. आधी सुपात फूऽ, मग नळीत फूऽ. मुरबाडच्या बाजूला तर त्यांना शेंगदाणेवाले डॉक्टर म्हणू लागले. बहुतेकींचा काटा सरसर वर जायला लागला. धुराबद्दलचा त्यांचा स्वतःचा अंदाज त्यामुळे लंगडा पडत होता, तरी प्रत्येक मोकळ्या छातीला हा माणूस मुलगी पास झाल्यासारखा हसायचा.

वहिनीची पाळी आली. सालं सुपाच्या काठापर्यंत सरकली आणि तिथेच बसली. नळीतला काटाही खालीच राहिला. डॉक्टरांनी सुपावरून नजर उचलली. "वहिनी, हे वय नाही. हा दमा आहे. पंप घ्यावा लागेल."

"पंप मी घेनार नाय. एकदा लागला की सुटत नाय तो."

डॉक्टरांनी खिशातून एक जुना, झिजलेला पंप काढला, आमच्यासमोर ओढला, श्वास क्षणभर रोखून धरला. "मी शाळेत असल्यापासून घेतोय. तुमचा जिना मी याच्याच जिवावर चढतो, वहिनी." सगळ्या तालुक्याचा श्वास ऐकणाऱ्या या माणसाचा श्वास आम्ही कुणीच कधी ऐकला नव्हता. वहिनीने हात पुढे केला.

काम संपलं आणि डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यात गेले. परवा वहिनीने शेंगदाणे भाजले, सूप घेऊन अंगणात आली आणि एकच फुंक मारली. सालं तुळशीवरून उडून पार जिन्याच्या पायऱ्यांवर जाऊन पडली. तिने वरच्या बंद दाराकडे पाहिलं. "आयकलंत काय, डॉक्टर?"

वर कुणी नव्हतं. तरी आम्ही दोघं थोडा वेळ तशीच कान देऊन उभी राहिलो.