तोफेला तुमच्यात काय म्हणतात?

नीलकंठराव जबलपूरच्या लष्करी कारखान्यात टर्नर होते, पण त्यांचा जीव अडकला होता शब्दांच्या कुळात. चहा पुढ्यात आला, की हा शब्द चीनहून कसा आला हे सांगितल्याशिवाय घोट घशाखाली उतरत नसे. चावी पोर्तुगीजांची, बंदूक अरबांची. ऐकणारा जांभया देऊ लागला तरी यांची गाडी थांबायची नाही. वरणात मीठ कमी पडलं, तर त्यांच्या पत्नी अनसूयाबाई ते गुपचूप वाढून मोकळ्या होत. विषय निघाला असता, तर जेवण निवलं असतं.

पासष्टची लढाई पेटली. शहरात दिवेबंदी, जो तो हेर शोधतोय. नेमक्या त्याच दिवसांत हा भला गृहस्थ कारखान्याच्या फाटकाबाहेर नथ्थूच्या टपरीवर बसून येईल त्याला विचारू लागला, "क्यों भैया, तोप को आपके यहाँ क्या कहते हैं?"

बंगाली कारकून म्हणाला, "कामान." म्हणजे फारसीतलं धनुष्य! मद्रासी फिटर म्हणाला, "पीरंगी." म्हणजे आपला फिरंगीच की! नीलकंठराव आनंदाने मांडीवर थापा मारत होते, तेवढ्यात कुणीतरी पोलिसांना घेऊन आलं.

ठाण्यात त्यांनी खरं तेच सांगितलं आणि सगळं आणखी बिघडवून ठेवलं.

"तोप तुर्की है साहब, कारतूस पुर्तगाली..."

"इतने मुल्कों से संबंध हैं?" ठाणेदार ताडकन उठला.

आता नोकरी जाणार, वर तुरुंग. नीलकंठराव चक्क गप्प बसले.

निरोप मिळताच अनसूयाबाई धावत आल्या. ठाणेदाराने दरडावून विचारलं, "आपके पति कारखाने में बनाते क्या हैं?"

"हमको क्या मालूम?" बाई कडाडल्या. "ये आदमी दिन-रात बोलता है. भाजी कहाँ से आई, झाड़ू कहाँ से आई, सब बताता है. बस यही एक बात नहीं बताता. रूठके पूछा, रोके पूछा. नहीं बताया!" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

ठाणेदार परत खुर्चीत बसला. मग हळूच म्हणाला, "घर जाइए, बाबूजी."

रिक्षात बसल्यावर बाईंनी विचारलं, "आता तरी सांगा हो. काय बनवून राहिले तुम्ही तिथं?"

नीलकंठरावांचा चेहरा खुलला. "गुपित! मूळ संस्कृत बरं का. गुप् म्हणजे राखणं..."

बाईंनी कपाळाला हात लावला. खरं तर रागच यायचा, पण त्यांना नवऱ्याचा फार अभिमान वाटला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या म्हणाल्या, "बरं, मग पुढं?"