वरवंट्याचं बाळ

कुणी आपलं तान्हं माझ्या हातात द्यायला आलं की मी हात मागे घेते. आता हात थरथरतात म्हणून नव्हे, हात धडधाकट होते तेव्हापासूनचं आहे हे. लोकांना वाटतं, म्हातारी खडूस आहे. खडूस आहेच मी. पण ते कारण नव्हे.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती तेव्हाची गोष्ट. मी नुकतीच लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले होते. आमच्याकडची पोरं मोर्च्याला जायची आणि कुणी डोकं फोडून, कुणी हात लोंबकळत परत यायची. मग जखमेवर कुणी हळद दाबायचं, कुणी चुना, कुणी कॉफीची पूड. ज्याच्या हाताला जे लागेल ते! शेवटी चाळकऱ्यांनी गिरगावातल्या एका डॉक्टरांना गळ घातली. आमच्या तळमजल्यावर जिथे गणपती बसायचा, त्या खोलीत रविवारी दुपारी बायकांसाठी प्रथमोपचाराचा वर्ग सुरू झाला.

डॉक्टर अगदी पुस्तकातलं बोलायचे. "भगिनींनो, रक्त पाहून घाबरायचे नाही." आणि आम्ही भगिनी पदर तोंडात कोंबून हसायचो. पण शिकलो हो! धोतराच्या फडक्याची झोळी करून हात गळ्यात बांधायला शिकलो, मोडलेल्या पायाला फळी लावायला शिकलो. एका रविवारी त्यांनी पोराच्या घशात काही अडकलं तर काय करायचं ते सांगितलं. पोराला मांडीवर पालथं घ्यायचं, डोकं खाली करायचं आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहाताने जोरात मारायचं. पाणी द्यायचं नाही, केळं नाही, भात तर नाहीच.

इथे बायका बिथरल्या. आम्ही कोकणातली माणसं. रोज मासळी, रोज काटे. घशात काटा अडकला की सुक्या भाताचा गोळा न चावता गिळायचा, हे आईच्या दुधाबरोबर शिकलेलं. डॉक्टर म्हणाले, "आवाज निघत नाही, श्वास चालत नाही, अशा वेळी भात म्हणजे बाटलीला बूच." कुणाला पटलं, कुणाला नाही.

सराव करायला बाहुली कुठली आणायची? बारशाला आपण वरवंट्यालाच बाळ म्हणून नटवतो ना, तेव्हा कुणीतरी घरातला वरवंटा आणला, दुपट्यात गुंडाळला आणि तो आमच्या मांड्यांवरून फिरू लागला. दगडच तो! जोरात मारलं तर आपलाच हात झणझणायचा. शिवाय एकदा बाळ म्हटलं की त्याच्यावर हात कसा उचलायचा? आम्ही सगळ्या आपल्या थोपटत होतो. डॉक्टर ओरडायचे, "जोरात, भगिनींनो, जोरात!" आमचं हसू थांबत नव्हतं.

मग हरताळाचा दिवस आला. गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्ता नुसता ओस. माझी मोठी जाऊ गिरणीत वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होती. ती बायकांच्या मोर्च्याला निघाली. लग्नानंतर किती वर्षांनी, नवससायास करून तिला मुलगी झाली होती. नुकती रांगायला लागलेली. तिला माझ्या हातात देत जाऊ म्हणाली, "तू वर्गाला जातेस म्हणून तर बिनघोर जातेय मी." आणि पोरीचा पापा घेऊन गेलीसुद्धा.

बिनघोर म्हणे! तिचा घोर माझ्या गळ्यात पडला त्याचं काय? मला स्वतःचं मूल नव्हतं. ही पोर पडली, भाजली, काही झालं, तर सगळी चाळ मलाच बोलणार. सकाळभर मी तिच्या मागे मागे फिरत होते. नवरा आणि दीरही मोर्च्यात. लांबून मधूनच घोषणा ऐकू यायच्या, मध्येच सगळं शांत व्हायचं, आणि त्या शांततेत माझा जीव टांगणीला लागायचा. तिकडे काही झालं असेल का? इकडे काही होईल का?

सासूबाई गॅलरीत वर्षाची चिंच फोडत बसल्या होत्या. विळीवर चिंच फाडायची, चिंचोके सुपात टाकायचे. निम्मे सुपाबाहेर उडत होते. मी वेचत होते आणि कुरकुरत होते, "आई, पोर रांगतंय." त्या म्हणाल्या, "आमची काय पोरां वाढली नाय?" तेवढ्यात चुलीवरचं दूध फसफसल्याचा आवाज आला, मी आत जाऊन पातेलं उतरवलं आणि मागे वळले.

पोर उंबऱ्याशी बसली होती. तोंड उघडं, डोळे मोठे झालेले, आणि आवाज नाही. खोकला नाही, रडणं नाही, काही म्हणजे काही नाही. ओठ जांभळे पडत चालले होते.

मी किंचाळले. तिला उचललं, मांडीवर पालथी टाकली, डोकं खाली केलं. अगदी शिकवलं तसं. आणि मारायला लागले. मारायला कसली? थोपटायला! वरवंट्याला थोपटायचे तशी. हातालाच ती सवय लागली होती. मला वाटत होतं मी मारतेय, आणि पोरीचं अंग तर माझ्या मांडीवर सैल पडत चाललं होतं.

सासूबाई भाताचा गोळा घेऊन धावत आल्या. "दी हय! भात घालते, खाली जातलो!" त्यांनी पोरीचा दंड धरून ओढला.

"आई, भात नाही! डॉक्टरांनी सांगितलंय!"

"सोड गो! पोटच्या पोराचो कळवळो तुका काय म्हायत!"

माझ्या डोक्यात सणक गेली. ज्या गोष्टीसाठी मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे, ती त्यांनी नेमकी त्याच वेळी तोंडावर मारली. मी सासूला ढकललं. होय, ढकललं! त्या चिंचेत जाऊन बसल्या. आणि तो सगळा संताप माझ्या तळहातात उतरला. मी त्या एवढ्याशा पाठीवर फाडकन मारलं. परत मारलं. परत मारलं, शिव्या देत, रडत.

चिंचोका टणकन फरशीवर पडला.

तरी पोर गप्पच. मला वाटलं, गेली. माझ्या मारानेच गेली. मग तिने एक लांब श्वास ओढला आणि असा टाहो फोडला की समोरच्या चाळीतली माणसं कठड्याशी आली.

संध्याकाळी जाऊ परतली. घोषणा देऊन देऊन घसा बसलेला, अंग घामाने भिजलेलं. पोर अजून मुसमुसत होती. झबलं बदलायला तिने तिला उघडी केली, आणि पाठीवर पाचही बोटं उठलेली, लालभडक.

"कोणी मारलं माझ्या पोरीला?"

मी झबलं पुढे केलं. जाऊ माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे पेटत चालले होते. सासूबाई दुपारपासून माझ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आता सुनेने सासूवर हात टाकला हे त्या सांगणार, माझी रवानगी माहेरी होणार, असंच मी धरून चालले होते.

"हिणाच मारल्यान," सासूबाई म्हणाल्या. मग जाऊचा हात धरून त्यांनी तो पोरीच्या पाठीवर, त्या वळांवर ठेवला. "पोर रडता मा? रडता म्हणजे जिती आसा."

जाऊला आधी कळलंच नाही. मग सासूबाईंनी चिंचोक्याचं सांगितलं तेव्हा सगळं कळलं, आणि तिने पोरीला उराशी धरलं.

त्या रात्री मी पोरीच्या उशाशी बसून राहिले, नाकाशी बोट धरून. पुढे मला माझी मुलं झाली, नातवंडं झाली, ती सवय गेली नाही. शेजारच्या बिऱ्हाडात पोर भोकाड पसरतं तेव्हा माझी सून कानात बोटं घालते. मी मजेत पेंगत असते. पोर गप्प झालं की उठते, आणि दार वाजवून विचारते, "अहो, का रडत नाहीये?"